घसा धरला, टॉन्सिल सुजले : गोळीआधी काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने काय करावे

सोलापुरात घसा धरला की पुढचा क्रम बहुतेक घरांत ठरलेला असतो. पहिल्या संध्याकाळी मिठाच्या गुळण्या होतात. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून ‘घशाच्या गोळ्या’ येतात आणि त्यांत बहुधा अँटिबायोटिकचे छोटे पाकीट असते. तिसऱ्या दिवशी बरे वाटले की उरलेली गोळी कपाटात जाते आणि पुढच्या वेळी घरातल्या दुसऱ्याच कोणाला तरी दिली जाते. या सगळ्या प्रकारात घसा उघडून नीट कोणी पाहिलेलाच नसतो, ताप मोजलेला नसतो आणि औषध कोणत्या आजारासाठी घेतले हेही ठाऊक नसते.

घशाच्या संसर्गांपैकी बहुसंख्य विषाणूंमुळे होतात आणि त्यांवर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग होत नाही. घसा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे येणाऱ्या मुलांपैकी साधारण २० ते ३० टक्के मुलांत आणि प्रौढांपैकी ५ ते १५ टक्क्यांत ‘गट अ स्ट्रेप्टोकोकस’ (थोडक्यात ‘स्ट्रेप’) हा जिवाणू सापडतो. अँटिबायोटिक लागते ते मुख्यतः या थोड्या रुग्णांना, पण त्यांना ते पुरेसे दिवस आणि वेळेत मिळावे लागते. न मिळाल्यास काही मुलांत पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. ज्यांना गरज नाही त्यांनी घेणे आणि ज्यांना गरज आहे त्यांनी अर्ध्यात सोडणे, या दोन्ही चुका एकाच सवयीतून होतात. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

सर्वांत आधी : घरी थांबायचेच नाही अशी लक्षणे

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले, तर बाकीचा लेख बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. सोलापूर शहरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपण ज्याला ‘सिव्हिल’ म्हणतो तिथे, कान-नाक-घसा विभाग आहे. तालुक्याच्या गावी असाल आणि श्वासाचा त्रास असेल, तर गाडीची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

- श्वास घेताना घशातून घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येणे, छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे.
- स्वतःची लाळही गिळता न येणे, ती तोंडातून गळत राहणे, मूल पुढे वाकून बसणे आणि आडवे व्हायला नकार देणे.
- तोंड दोन बोटांइतकेही न उघडणे, तोंडात गरम घास धरून बोलावे तसा आवाज होणे, एकाच बाजूला तीव्र दुखणे. टॉन्सिलच्या मागे पू साठल्याची ही खूण असते आणि तो पू बाहेर काढावा लागतो.
- घशात राखाडी, चिवट पापुद्रा आणि त्यासोबत मानेला दोन्ही बाजूंनी मोठी सूज. हा घटसर्प असू शकतो. लसीकरण अपुरे असलेल्या मुलांत तो आजही होतो आणि त्याचे विष हृदयावर परिणाम करते.
- मान ताठ होणे, मूल गुंगीत राहणे, ८ तास लघवी न होणे.

इशारा : लाळ गळत असलेल्या, श्वासाला त्रास होत असलेल्या मुलाच्या घशात चमचा घालून पाहू नये. घशाच्या तोंडाशी सूज असेल, तर एवढ्या धक्क्यानेही श्वासमार्ग बंद पडू शकतो. त्याला ज्या स्थितीत बरे वाटते त्याच स्थितीत, मांडीवर बसवून न्यावे.

टप्पा १ : घरात आधीपासून काय असावे

रात्री अकरा वाजता ताप चढल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा पुढच्या वस्तू एका डब्यात ठेवाव्यात : डिजिटल थर्मामीटर, छोटी बॅटरी (मोबाइलचा उजेडही चालतो), चपट्या दांड्याचा स्टीलचा चमचा, मिलिलिटरच्या खुणा असलेले मापाचे झाकण किंवा सिरिंज, आणि एक वही.

वहीच्या पहिल्या पानावर घरातल्या प्रत्येक मुलाचे वजन आणि ते केल्याची तारीख लिहावी. मुलांच्या औषधाची मात्रा वजनावरून ठरते, वयावरून नाही. ‘पाच वर्षांचा आहे, पाच मिली द्या’ हे दुकानात सर्रास ऐकू येणारे वाक्य म्हणूनच चुकीचे आहे. त्याच पानावर कोणत्या औषधाने कोणाला पुरळ किंवा सूज आली होती हेही लिहावे, विशेषतः पेनिसिलिन गटाबद्दल.

लसीकरणाचे कार्ड काढून घटसर्पाच्या लसी पूर्ण आहेत का ते पाहावे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे तीन पेंटाव्हॅलंट (घटसर्पासह पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचे) डोस, १६ ते २४ महिन्यांत बूस्टर, ५ ते ६ वर्षांत दुसरा बूस्टर, आणि १० व १६ व्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात व घटसर्पाची लस. यातला पाच वर्षांचा बूस्टर अनेकदा राहून जातो.

टप्पा २ : घसा पाहणे

दारात किंवा खिडकीशी, उजेडाकडे तोंड करून बसवावे. लहान मुलाला एकाने मांडीवर घेऊन त्याचे डोके छातीशी टेकवून धरावे आणि दुसऱ्याने पाहावे. जीभ बाहेर काढून ‘आ’ म्हणायला सांगावे. बहुतेक वेळा तेवढ्यानेच दिसते. चमचा लागलाच, तर तो जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागावर ठेवून हलके दाबावे. मागे ढकलला की उलटीची उबळ येते आणि मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

मध्ये लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना, कमानीच्या आत दिसणारे मांसल गोळे म्हणजे टॉन्सिल. पाच गोष्टी पाहून वहीत लिहाव्यात :

१. लाली : फक्त टॉन्सिलवर आहे की मागच्या भिंतीवर आणि टाळूवरही आहे.
२. पांढरे-पिवळे ठिपके किंवा पट्टे आहेत का.
३. सूज दोन्ही बाजूंना सारखी आहे की पडजीभ एका बाजूला ढकललेली दिसते.
४. टाळूवर बारीक लाल ठिपके किंवा फोड आहेत का. फोड असतील, तर हाताचे तळवे आणि पायांचे तळवेही पाहावेत. पावसाळ्यात लहान मुलांत हात, पाय आणि तोंडावर फोड येणारा विषाणूचा आजार पसरतो आणि त्याला अँटिबायोटिक लागत नाही.
५. जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या पुढच्या बाजूला गाठी हाताला लागतात का आणि दाबल्यावर दुखतात का.

दोन गैरसमज इथेच बाजूला करावेत. पहिला : टॉन्सिल मोठे दिसतात म्हणजे आजार आहे. साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलांचे टॉन्सिल मुळातच मोठे असतात आणि पुढे आपोआप लहान होतात. ताप नाही, दुखणे नाही, गिळायला त्रास नाही, तर नुसत्या आकाराचे औषध करायचे नसते. दुसरा : पांढरे दिसले म्हणजे पू झाला आणि जिवाणूच आहे. विषाणूच्या संसर्गातही पांढरे पट्टे येतात. टॉन्सिलच्या खोबणीत अन्नाचे कण आणि मृत पेशी साचून पिवळट, घाण वासाचे खडे होतात तेही पांढरेच दिसतात, पण त्यांच्यासोबत ताप नसतो.

इशारा : काही घरांत अजूनही बोटाला हळद-मीठ किंवा चुना लावून घशातल्या गाठी ‘दाबतात’, पडजीभ ‘उचलतात’. हे करू नये. सुजलेल्या भागाला जखम होते, रक्त येते आणि आत पू असेल तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. राखाडी पापुद्रा खरवडून पाहण्याचा मोहही टाळावा.

टप्पा ३ : मोजणे आणि अंदाज बांधणे

ताप हाताने पाहू नये. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडलेला असताना पत्र्याच्या खोलीत झोपलेल्या मुलाचे कपाळ तसेही तापलेलेच लागते. थर्मामीटर काखेत बीप वाजेपर्यंत धरावे आणि आकडा वेळेसह लिहावा. १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त असेल तर ताप समजावा.

आता जगभर डॉक्टर वापरतात त्या चार खुणा तपासाव्यात आणि प्रत्येकीला एक गुण द्यावा : ३८ अंशांहून जास्त ताप, खोकला नसणे, टॉन्सिलवर सूज किंवा पांढरे पट्टे, आणि मानेच्या पुढच्या गाठी दुखणे. वय ३ ते १४ असेल तर एक गुण वाढवावा आणि ४५ किंवा त्याहून जास्त असेल तर एक कमी करावा.

‘खोकला नसणे’ या खुणेकडे नेमके दुर्लक्ष होते. खोकला, वाहते नाक, बसलेला आवाज, लाल डोळे हे सगळे विषाणूच्या बाजूचे पुरावे आहेत. याउलट अचानक चढलेला ताप, डोकेदुखी, पोटदुखी, उलटी आणि नाक कोरडे, असे सहा-सात वर्षांचे मूल समोर असेल तर जिवाणूचा संशय वाढतो. ५ ते १५ हे त्याचे मुख्य वय आहे आणि ३ वर्षांखालच्या मुलांत तो क्वचितच आढळतो. त्वचेवर पॉलिश पेपरसारखे खरखरीत लाल पुरळ आणि जिभेवर लाल दाणे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

गुण शून्य किंवा एक असेल, तर तपासणीचीही गरज नसते आणि टप्पा ४ पुरतो. दोन किंवा तीन असतील, तर तपासणी करून ठरवावे. चार किंवा जास्त असतील, तर उशीर न करता डॉक्टरांकडे जावे. मात्र चारही खुणा असलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांतच हा जिवाणू सापडतो. हे गुण डॉक्टरांकडे जायचे की नाही ते ठरवण्यासाठी आहेत. त्यांच्या आधारे स्वतःच अँटिबायोटिक विकत घेऊ नये.

पडताळणी : हा संसर्गच आहे ना? जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेहून, होम मैदानावरची धूळ आणि रात्रीची थंड हवा घेऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी घसा खवखवणे, यंत्रमागावर सुताच्या तुसात पाळी करून आल्यावर घसा कोरडा पडणे, घरी विड्या वळताना तंबाखूच्या भुकटीने घसा धरणे, यांत ताप नसतो आणि गाठी दुखत नाहीत. नाका-तोंडावर रुमाल बांधणे, खोलीत हवा खेळती ठेवणे आणि पाणी जास्त पिणे हाच यावरचा उपाय आहे. दर महिन्याला ‘इन्फेक्शन’ म्हणून गोळ्या घेणाऱ्या कामगारांपैकी अनेकांचे दुखणे हेच असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगावी लागते. चाळिशीच्या पुढची व्यक्ती, मावा, मिश्री किंवा विडीची सवय, एकाच बाजूचा टॉन्सिल मोठा, दुखणे फार नाही पण तीन आठवड्यांनंतरही कमी नाही, त्याच बाजूच्या कानात कळ किंवा मानेत न दुखणारी गाठ, असे असेल तर घशाच्या गोळ्या बंद करून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. तिथे कर्करोग नाही याची खात्री करावी लागते.

टप्पा ४ : पहिल्या ४८ तासांतली घरची काळजी

विषाणूचा घसा साधारण पाच ते सात दिवसांत स्वतःहून बरा होतो. तोवर दुखणे कमी करणे आणि पाणी कमी पडू न देणे, एवढेच काम असते. त्यातले दुसरे जास्त महत्त्वाचे. गिळताना दुखते म्हणून मूल पाणी टाळते, आणि सोलापूरच्या कोरड्या उन्हात ते अर्ध्या दिवसात मलूल पडते. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-दोन घोट द्यावेत. ताक, पेज, वरणाचे पाणी, शहाळे, जे घोटले जाईल ते चालते. लघवी दर सहा तासांत एकदा तरी व्हावी आणि फिकट असावी.

थंड खाल्ल्याने टॉन्सिल होतात ही समजूत फार पक्की आहे. संसर्ग जंतूंमुळे होतो, दह्यामुळे किंवा केळ्यामुळे नाही. उलट थंड दह्याने दुखरा घसा सुखावतो. रस्त्यावरच्या बर्फाच्या गोळ्याला माझा विरोध आहे, पण तो त्या बर्फाच्या पाण्यामुळे, गारव्यामुळे नाही.

गुळण्यांसाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालावे, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी हाताला सोसेल इतकेच गरम असावे. साधारण सहा वर्षांखालच्या मुलाला गुळण्या जमत नाहीत, ते पाणी गिळते, म्हणून त्याचा आग्रह धरू नये. एक वर्षापुढच्या मुलाला चमचाभर मध चालतो. एक वर्षाच्या आत मध अजिबात देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आयोडीनच्या तयार गुळण्या थायरॉइडच्या रुग्णांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाकवून वाफ देणे तर टाळावेच, त्यातून भाजण्याचे प्रकार होतात.

तापासाठी आणि दुखण्यासाठी पॅरासिटामोल पुरते. मात्रा दर किलो वजनाला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये किमान ४ तास, शक्यतो ६ तास अंतर, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत.

चूक होते ती बाटलीत. आपल्याकडे पॅरासिटामोलचे सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळते. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, चवही तीच आणि नावातही एखाद्या आकड्याचाच फरक. १६ किलो वजनाच्या मुलाला १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने २४० मिलिग्रॅम लागते. पहिल्या बाटलीतून ते १० मिली होते, दुसरीतून जेमतेम ५ मिली. जुनी बाटली संपून दुकानदाराने दुसरी ताकद दिली आणि घरच्यांनी सवयीने १० मिलीच पाजले, तर मात्रा दुप्पट होते. तान्ह्या मुलांचे ड्रॉप्स याहून वेगळे, त्यांत १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असते. म्हणून बाटली हातात आल्याबरोबर लेबलवरचा आकडा वाचून झाकणावर पेनाने ‘इतके मिली’ असे लिहून टाकावे. घरातला चहाचा चमचा मापाला वापरू नये.

मोठ्यांची चूक निराळी असते. तापाची गोळी घेतली आणि वर सर्दीची गोळीही घेतली, तर बहुतेक सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामोल असतेच आणि ते दोनदा पोटात जाते. दारूचे व्यसन किंवा यकृताचा आजार असलेल्यांना याचा धोका अधिक.

इशारा : १६ वर्षांखाली ॲस्पिरिन देऊ नये. निमेसुलाइड हे ताप-वेदनेवरचे औषध १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंद आहे, तरी घरातल्या मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देणारे भेटतात. पावसाळ्यात तापाचे कारण स्पष्ट होईपर्यंत आयब्युप्रोफेन हे वेदनाशामकही टाळावे. तो डेंग्यू निघाला, तर या गटातल्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

टप्पा ५ : डॉक्टरांकडे काय सांगावे, काय विचारावे

दोन दिवसांत ताप उतरला नाही, गुण दोन किंवा जास्त आहेत, किंवा घरात पूर्वी कोणाला संधिवाताचा ताप अथवा झडपेचा आजार झाला आहे, तर जावे. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांनी दोन दिवस थांबू नये. जाताना वही, वजन, आधी घेतलेल्या औषधांची रिकामी पाकिटे आणि लसीकरणाचे कार्ड सोबत घ्यावे. ‘घसा दुखतोय, इंजेक्शन द्या’ या वाक्याऐवजी ‘परवा संध्याकाळपासून, काल १०२ ताप, खोकला नाही, डाव्या बाजूला गाठ दुखते’ असे सांगितले की तपासणी योग्य दिशेने सुरू होते.

जिवाणू आहे की नाही हे नक्की करणारी तपासणी म्हणजे घशाच्या स्वॅबची, म्हणजे कापसाच्या काडीने घशातून घेतलेल्या नमुन्याची. झटपट चाचणीचा निकाल काही मिनिटांत मिळतो, कल्चरला, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहायला, एक ते दोन दिवस लागतात. स्वॅब अँटिबायोटिकच्या पहिल्या मात्रेआधी घेतला पाहिजे. दोन गोळ्या पोटात गेल्यावर घेतलेला स्वॅब ‘नॉर्मल’ आला, तर त्यातून काहीच ठरत नाही.

निकालाची वाट पाहताना जीव घाबरा होतो, पण अँटिबायोटिक आजार सुरू झाल्यापासून ९ दिवसांत सुरू केले तरी संधिवाताच्या तापापासून बचाव होतो. दोन दिवस थांबल्याने काही बिघडत नाही.

उलट ज्या तपासणीवर सर्वाधिक गोंधळ होतो ती एएसओ. रक्ताच्या या तपासणीत सध्याचा संसर्ग कळत नाही, तर गेल्या काही आठवड्यांत केव्हा तरी स्ट्रेप होऊन गेला का एवढेच कळते. शाळेत जाणाऱ्या अनेक निरोगी मुलांत हा आकडा वाढलेला असतो. सांधे सुजलेले नाहीत, हृदयाचा त्रास नाही आणि तरी नुसता एएसओ वाढला म्हणून महिनोन्महिने इंजेक्शने सुरू झाली असतील, तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे.

टप्पा ६ : अँटिबायोटिक लिहून दिले असेल तर

स्ट्रेपसाठी पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन ही पहिली पसंती आहे आणि त्यांचा कोर्स १० दिवसांचा असतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर डॉक्टर दुसरे औषध निवडतात, त्यातल्या ॲझिथ्रोमायसिनचा कोर्स ५ दिवसांचा असतो. तोंडाने औषध घेणे जमणारच नसेल, तर बेंझाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन हा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात.

मुलांच्या कोरड्या पावडरीच्या सिरपपाशी अनेकांचा कोर्स तुटतो. बाटलीत आधी पावडर हलवून मोकळी करावी, उकळून पूर्ण गार केलेले पाणी खुणेच्या थोडे खाली येईपर्यंत घालावे, जोरात हलवावे, फेस बसू द्यावा आणि मग नेमके खुणेपर्यंत पाणी भरावे. एकदम खुणेपर्यंत भरले की पावडर विरघळल्यावर पातळी खाली जाते आणि प्रत्येक मात्रा जास्त तीव्र होते. तयार बाटली फ्रीजमध्ये ठेवावी आणि दर वेळी हलवून द्यावे. बहुतेक बाटल्यांवर तयार केल्यापासून ७ दिवसांत वापरा असे लिहिलेले असते. याचा अर्थ १० दिवसांच्या कोर्सला एक बाटली पुरतच नाही, दुसरी आणावी लागते. ‘बाटली संपली म्हणजे कोर्स संपला’ असे धरून सहाव्या-सातव्या दिवशी औषध थांबवलेली मुले कमी नाहीत. बिल करतानाच दुसरी बाटली घ्यावी आणि ती न फोडता ठेवावी.

औषध सुरू झाल्यावर दोन ते तीन दिवसांत ताप उतरायला हवा. उतरला नाही, तर औषध स्वतः बदलू नये, परत दाखवावे. टॉन्सिलमागे पू होतो आहे का, किंवा निदानच वेगळे आहे का, ते तेव्हा पाहावे लागते. पौगंडावस्थेतल्या मुलाला अमॉक्सिसिलिनने अंगभर पुरळ उठले, मानेच्या मागच्या बाजूलाही गाठी आहेत आणि थकवा खूप आहे, तर तो ग्रंथीज्वर असू शकतो, जो विषाणूचा आजार आहे.

पडताळणी : कॅलेंडरवर दहाही दिवसांच्या चौकोनांत प्रत्येक मात्रेला एक खूण करावी. बरे वाटल्यानंतरचे चौकोन बहुधा रिकामे राहतात.

टप्पा ७ : घरात आणि शाळेत

अँटिबायोटिक सुरू होऊन २४ तास झाले आणि ताप नसला, की स्ट्रेपचे मूल शाळेत जाऊ शकते. विषाणूच्या आजारात ताप उतरून मूल खेळते झाले म्हणजे पाठवावे. घरात पेला, चमचा, टॉवेल वेगळा ठेवावा. काही दिवसांआड येणारे पाणी पिंपात आणि माठात साठवणाऱ्या आपल्या घरांत सगळ्यात मोठी गडबड म्हणजे उष्टा पेला माठात बुडवणे. दांड्याचे ओगराळे वापरले तरी पुष्कळ फरक पडतो.

टप्पा ८ : बरे झाल्यानंतरचे चार आठवडे

घसा थांबला की वही बंद होते, पण गुंतागुंत दिसते ती यानंतर. एक ते चार आठवड्यांत पुढीलपैकी काही दिसले तर डॉक्टरांना ‘मागे घसा झाला होता’ हे आवर्जून सांगावे : एकामागून एक मोठे सांधे सुजणे, छातीत धडधड किंवा दम लागणे, हातापायांच्या आपोआप होणाऱ्या वेड्यावाकड्या हालचाली. सकाळी चेहरा व डोळ्यांखाली सूज आणि चहाच्या रंगाची लघवी ही मूत्रपिंडावर परिणाम झाल्याची खूण असते. संधिवाताचा ताप ठरला, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते आणि त्यात खंड चालत नाही.

टप्पा ९ : वारंवार होत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार

साधारण निकष असा : एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी ३ वेळा खरा टॉन्सिलचा आजार, म्हणजे प्रत्येक वेळी ताप, पांढरे पट्टे, गाठी किंवा स्वॅबचा पुरावा. ‘दर महिन्याला घसा धरतो’ हे आठवणीवर सांगून चालत नाही. वहीतल्या तारखा इथे कामाला येतात. दुसरे कारण म्हणजे झोपेत घोरता घोरता मुलाचा श्वास काही सेकंद थांबणे. यात संसर्गांची मोजदाद करत बसू नये.

तयारीत सहज रक्त येण्याची घराण्यातली प्रवृत्ती, हलणारे दात, चालू असलेली औषधे भूलतज्ज्ञांना सांगावीत आणि उपाशी राहण्याच्या सूचना तंतोतंत पाळाव्यात. खर्चाचा प्रश्न असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे आधीच चौकशी करावी.

सोलापुरात या शस्त्रक्रियेसाठी उन्हाळ्याची सुट्टी गाठली जाते. हरकत नाही, पण मग पाण्याचे वेळापत्रक कडक पाळावे. दुखणे तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढते, कानातही कळा येतात आणि टॉन्सिलच्या जागी पांढरट-पिवळा थर दिसतो, तो पू नसतो. पाणी न पिणाऱ्या मुलाचा घसा जास्त दुखतो, म्हणून वेदनाशामक वेळेवर देऊन लगेच पाजावे. दोन आठवडे कडक भाकरी, शेंगाची चटणी, फरसाण बंद. मऊ भात, थंड दूध, आइस्क्रीम चालते.

पहिल्या २४ तासांनंतर रक्तस्रावाचा दुसरा धोका पाचव्या ते दहाव्या दिवसांदरम्यान असतो, थर सुटताना. तोंडातून लालभडक रक्त आले, थुंकीत गुठळ्या दिसल्या किंवा मूल झोपेत वारंवार गिळताना दिसले, तर घरी गुळण्या करत न बसता, त्याला पुढे वाकवून बसवून थेट रुग्णालयात न्यावे. करमाळा, सांगोल्यासारख्या लांबच्या तालुक्यांतून आलेल्यांनी म्हणून फेरतपासणीच्या तारखेइतकेच हे सहा दिवसही आधी ठरवावेत : शक्य असल्यास शहरातल्या नातेवाइकांकडे थांबावे, गाडीची सोय ठरवून ठेवावी आणि शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांचा रात्रीचा फोन नंबर घरातल्या किमान दोघांकडे असावा.